तातांचं ‘परवा’

“तुम्ही बाहेर थांबा.” हे त्यांचे माझ्याशी बोललेले पहिले शब्द. बाहेर म्हणजे कुठे, तर रानाच्या बाहेर. आता रानाला काय दार होतं? कुंपण नव्हतं, पाटी नव्हती. आमच्या सोसायटीची मागची भिंत संपते तिथून एक पायवाट टेकडीवर जायची आणि तिच्या तोंडाशी दोन मोठे धोंडे होते, एवढंच. धोंड्यांच्या अलीकडे आईबाप, पलीकडे पोरं, असा त्यांचा कायदा. मी पुण्याचा माणूस. कायदे दुसऱ्याला सांगायची सवय, ऐकायची नाही. तरी निमूट थांबलो, कारण तिसरीतली माझी मुलगी हात सोडून केव्हाच आत पळाली होती.

सगळे त्यांना ताता म्हणायचे. तेलुगू मुलं आजोबांना ताता म्हणतात. आम्हा मराठी लोकांच्या कानाला ते तात्या वाटायचं, आणि त्यांना दोन्ही चालायचं. माणूस मराठीच, घर चिक्कडपल्लीला. चार पिढ्या हैदराबादेत, चारही सरकारी नोकरीत. ते स्वतः जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आमची सोसायटी पार दिलसुखनगरच्याही पुढे, शहर जिथे दमून थांबतं तिथे. दर रविवारी पंच्याहत्तरीचा हा माणूस दोन बस करून सकाळी सातला हजर. मेट्रोत मात्र कधी बसले नाहीत. का, तर खिडकी उघडत नाही. “खिडकी उघडत नाही ती काय गाडी? टिफिनचा डबा आहे तो,” म्हणायचे.

पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटण लावलेल्या बाह्या आणि पँटला मुद्दाम शिवून घेतलेले दोन मोठाले खिसे. डावा खिसा जिवंत वस्तूंचा, उजवा मेलेल्यांचा. डाव्यात पानासकट एखादा सुरवंट, उजव्यात पिसं, शेंगांची टरफलं, वाळलेले भुंगे. बिया कुठल्या खिशात घालायच्या यावर पोरांनी एकदा तासभर भांडण केलं. ताता शांतपणे ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, “पेरा. उगवली तर डावा.” पोरांनी खरोखर पेरल्या, आणि पुढचे चार रविवार आमच्याकडे झोपेतून उठवायची कटकट उरली नाही.

झाडाचं नाव ते आधी सांगत नसत. कुणी विचारलं की एकच उत्तर, “नक्को. आधी त्याच्यापासून काहीतरी बनवा, मग नाव.” पळसाची पानं तोडायची, बांबूच्या बारीक काड्यांनी टाचायची, पत्रावळ करायची. पोरांच्या पत्रावळी कसल्या, गाळण्याच. कुणाच्या तरी आईने दिलेला चिंचेचा भात त्यातून निम्मा मातीत जायचा, उरलेला पोटात. हात पुसून झाले की ताता उभे राहायचे. “आता ऐका. मराठीत पळस, तेलुगूत मोदुग, उर्दूत ढाक. नाव आधी सांगितलं की पोरं बघायचं सोडून देतात. आमच्या खात्यात हेच झालं. सर्व्हे नंबर पडला की जमीन कुणी बघत नव्हतं.”

शिंदीच्या पात्याची भिंगरी बाभळीच्या काट्यावर फिरवायची, करंजाच्या शेंगेची होडी करायची, पिंपळपानाची पिपाणी, डबक्याकाठच्या चिकणमातीचे बैल, दसऱ्याच्या आधी तरवडाच्या पिवळ्या फुलांची चिमुकली बतुकम्मा, म्हणजे इथल्या सणाला रचतात ती फुलांची उतरंड. रंग नाही, दुकानातला गोंद नाही. आणि यातलं काहीही घरी न्यायचं नाही! तिथेच दगडावर मांडून ठेवायचं आणि रिकाम्या हातांनी यायचं. “घरी नेलं की कचरा, इथं राहिलं की खत.” झालं. सोसायटीत कुरकुर सुरू. रविवारची सकाळ घालवली आणि फोटो काढायला घरात एक वस्तू नाही, मग मुलं शिकली काय? मीही त्यात होतो. एकदा मी विचारलंही, की निदान दाखवायला काहीतरी पाठवा. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “पोरगीच पाठवून राहिलो ना.”

तिसऱ्या की चौथ्या रविवारी ती पोरगी अंगठा कापून आली. ताता आठ वर्षांच्या मुलांच्या हातात चाकू देत. जखमेवर दगडी पाल्याचा हिरवा रस, त्यावर रुमाल. बायको माझ्यावर उखडली, मी तातांवर उखडलो, फोन लावायला निघालो. तर मुलगी मध्येच म्हणाली, “चाकूने नाही कापलं, मी कापलं. ताता म्हणतात, चाकूचं नाव सांगायचं नाही.” आठ वर्षांची पोर हो! तिला ते बोलता आलं.

आता त्यांच्या बोलण्याबद्दल. हैदराबादची उर्दू ज्यांनी ऐकली आहे त्यांना ठाऊक असेल, इथे परसों म्हणजे कालच्या आधीचा दिवस नव्हे. काल सोडून मागे जे जे गेलं ते सगळं परसों. गेला आठवडाही परसों आणि बालपणही परसों. इथल्या जुन्या मराठी घरांत तीच सवय ‘परवा’ला लागली आहे. ताता म्हणायचे, “परवा आमचं लग्न झालं तेव्हा नामपल्ली स्टेशनावरून टांग्यानं वरात काढली होती.” मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चहा नाकात गेला. “परवा म्हणजे?” विचारलं. “परवा म्हणजे परवा. तेव्हा,” म्हणाले. पुण्याला गेलो की हा किस्सा मी रंगवून सांगायचो. भावाच्या घरी, मित्रांत, लग्नाच्या पंगतीत. लोक पोट धरून हसायचे. हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मला ते सोयीस्करपणे आठवेनासं झालं.

आणि ती नागाची गोष्ट. ही टेकडी त्यांनी स्वतः मोजली होती. तरुण होते, नोकरी नवी, खांद्यावर मोजणीची साखळी, आजूबाजूला घर म्हणून नाही. हद्दीचा दगड जिथे पुरायचा नेमकं तिथेच वारूळ निघालं आणि साखळी टेकवली तसा आतून नाग बाहेर आला, फणा काढून. बरोबरचे गडी काठ्या घेऊन धावले. तातांनी त्यांना थांबवलं, नाग परत आत जाईपर्यंत उन्हात उभे राहिले आणि दगड एक हात बाजूला पुरला. “सरकारी नकाशात एक हात चूक आहे साहेब, माझ्या सहीनं,” असं मला सांगताना त्यांचा चेहरा फुलून आला होता. त्या दिवशी मी धोंड्यांपाशी मुलीची वाट बघत होतो, आणि ते माझ्या शेजारी बसून बांबूच्या काड्या सोलत होते. गोष्टीची सुरुवात त्यांनी कशी केली असेल? “परवा इथं नाग निघाला होता.” मी हसलो होतो आणि विचारलं होतं, “किती वर्षं झाली?” तर बोटं मोजून म्हणाले, “चाळीसच्या वर.”

मुलगी सहावीत गेली. आमच्या ऑफिसात ज्यांची ज्यांची मुलं सहावीत होती त्यांनी एकेक करून दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासात नावं घातली. पुढे इंजिनीयरिंगची परीक्षा, तिचा पाया म्हणे आत्तापासून. पायाची बॅच रविवारी सकाळीच. मी घरी विषय काढला. मुलगी म्हणाली, “रविवारी मला नाही जमणार.” अशी, की जणू तिचं ऑफिस आहे. मी समजावलं, चिडलो, आमिष दाखवलं. एकदा तर ओरडलो, “त्या टेकडीवर पानं टाचून पोट भरणार आहेस का तू?” ती म्हणाली, “बाबा, तुला एक तरी झाड ओळखता येतं का?” नाही येत. पण बापाला असं कुणी विचारतं? खरं सांगतो, त्या दिवसापासून मला त्या म्हाताऱ्याचा राग यायला लागला. माझी मुलगी त्याचं ऐकते, माझं नाही, ही ती जळजळ. तिला मी काळजी असं गोंडस नाव दिलं.

त्यानंतर महिन्याभरात ते कातीचं प्रकरण झालं. मुलांना टेकडीवर सापाची जुनी कात सापडली. तातांनी ती हातात घेऊ दिली, डोळ्यांवरचे खवलेसुद्धा कातीबरोबर कसे निघतात ते दाखवलं आणि परत जागेवर ठेवायला लावली. एका मुलाने कायदा मोडला आणि निम्मी कात खिशातून घरी नेली. ती निघाली कपडे धुवायच्या मशीनमध्ये, त्याच्या आईच्या हाताला. बाई दादरच्या, दोनच वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. पुढच्या रविवारी त्या तरातरा धोंड्यांपाशी आल्या. मी तिथे होतो.

“काका, इथे साप आहेत का हो?”

“हौ मग,” ताता म्हणाले, “रान आहे ना. परवा त्या तिकडच्या वारुळातून नाग निघाला होता. एवढा!” आणि हात पसरून दाखवला. बिचाऱ्यांना वाटलं, बाईंना गोष्ट ऐकायची आहे.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. मुलाचा दंड धरून त्या चालू लागल्या. ताता मागून म्हणाले, “काय की, घाबरल्या वाटतं,” आणि पोरांकडे वळले. दुपारपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर इंग्रजीत भलामोठा मजकूर येऊन पडला. शुक्रवारी त्या जागी कोब्रा निघाला होता, हे या माणसाला माहीत होतं, तरी रविवारी तो आपल्या मुलांना तिथे घेऊन गेला. खाली लाल तोंडांची रांग.

शुक्रवार! बाईंनी परवाचा हिशेब अगदी बरोबर केला होता. त्यांचं काय चुकलं? त्या दादरच्या.

मी त्या वेळी सोसायटीचा सेक्रेटरी. एक ओळ लिहायची होती मला ग्रुपवर, की बाई, इथे परवा म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी. लोक हसले असते आणि विषय मिटला असता. मी फोन हातात घेतला, ओळ टाइप केली आणि मग मुलीच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ती आत घरीच केलेली पिपाणी वाजवत होती. ओळ मी पुसून टाकली. मीटिंगमध्ये सांगू, असं स्वतःला म्हणालो.

मीटिंग शनिवारी सकाळी, क्लबहाउसमध्ये. अध्यक्ष विशाखापट्टणमचे, बाकी कुणी दिल्लीचे, कुणी चेन्नईचे. जुन्या हैदराबादचं आमच्या कमिटीत कोणीच नव्हतं. सगळा कारभार इंग्रजीत. तातांचं इंग्रजी नकाशे वाचण्यापुरतं, त्यामुळे दुभाषा मी. ताता इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांना वाटत होतं चाकूबद्दल विचारणार, त्याची उत्तरं तयार करून आले होते.

अध्यक्षांनी तक्रार वाचली आणि मला म्हणाले, त्यांना विचारा, असं बोलले का ते?

मी विचारलं, “ताता, ‘परवा इथं नाग निघाला होता’ असं तुम्ही या बाईंना म्हणालात का?”

“हौ. बोललो ना.”

“निघाला होता?”

“निघाला होता म्हणजे? मी स्वतः बघितला. तुम्हाला तर सांगितलं आहे साहेब.” आणि ते हसून माझ्याकडे बघू लागले. पुढचं मी सांगीन, या भरवशावर.

मी अध्यक्षांकडे वळलो आणि इंग्रजीत सांगितलं, हो, ते तसं म्हणाले, आणि त्यांनी नाग स्वतः पाहिला होता. एक शब्द खोटा नव्हता. माझ्या नोकरीत मी हेच करतो, समोरच्याने विचारलं तेवढंच सांगतो.

ताता खुर्चीत पुढे सरकले. साखळी, गडी, हद्दीचा दगड असं काहीतरी सुरू केलं त्यांनी. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी तातांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणालो, “राहू द्या ताता, वेळ कमी आहे.” ते लगेच गप्प झाले. मी म्हटलं म्हणून गप्प झाले.

ठराव दहा मिनिटांत झाला. टेकडीकडची वाट बंद, बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश नाही. इतिवृत्त मीच लिहिलं, अक्षर माझं चांगलं आहे. तातांना मराठीत सांगायचं कामही माझंच. “कायकू?” एवढंच विचारलं त्यांनी. मी म्हणालो, “मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.” ते खुर्चीवरून उठले. मग म्हणाले, “उद्या पोरांना सांगतो तरी, की येणार नाही म्हणून.” मी म्हणालो, “आम्ही सांगू.” वॉचमन त्यांना गेटपर्यंत सोडायला गेला, आणि मी खुर्च्या लावत बसलो.

मुलगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, “बाबा, मीटिंगमध्ये तू काय बोललास?” मी म्हणालो, “जे ते बोलले तेच मी सांगितलं.” ती म्हणाली, “अच्छा.” महिन्याभरात ती कोचिंगला जायला लागली, न कुरकुरता. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. टेकडीला आता जाळीचं कुंपण आहे. आत सिमेंटची पायवाट, प्लास्टिकचा मशरूम आणि सुट्ट्यांत एक कंपनी येऊन मुलांकडून आइसक्रीमच्या काड्यांची घरं करून घेते. ती घरी नेता येतात. फोटो छान येतात.

दोन वर्षांनी मी चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो. जिन्यात तीनदा थांबलो. तातांनी दार उघडलं आणि असे खूश झाले की मला मान वर करवेना. “या या साहेब! पोरगी कशी आहे?” चहा स्वतः केला, साखर किती ते विचारून. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, “ताता, मी त्या मीटिंगचं सांगायला आलोय.”

त्यांनी हात वर केला. “नक्को. समजलं मला. तुमच्या पोरीनं तेव्हाच फोन केला होता, रडून राहिली होती. बोलली, ताता, बाबांवर रागावू नका, ते पुण्याचे आहेत, त्यांना आपली मराठी समजत नाही.” मग म्हणाले, “खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी फार नाराज होतो तुमच्यावर. वाटलं, या माणसाला तर मी नागाची पूर्ण गोष्ट सांगितली होती, हा कसा काय गप बसला? मग पोरीचा फोन आला. म्हणलं, अरे, दोन दिवसांपूर्वीचा दुसराच नाग वाटला असेल, समजलंच नसेल बिचाऱ्याला.”

वाक्य माझ्या जिभेवर होतं. ‘मला समजत होतं ताता.’ चार शब्द. तेवढेच बोलायला मी शहर ओलांडून आलो होतो.

मी म्हणालो, “हो ना. आमचं पुण्याचं परवा वेगळं.”

“तेच तर!” ते मांडी ठोकून म्हणाले. “बसा, सांगतो.” आणि त्या माणसाने मला शिकवलं. एका बोटावर काल. उरलेल्या सगळ्या बोटांवर परवा. “मी शाळेत होतो, ते परवा. बायको गेली, ते परवा. तुमच्या पोरीनं अंगठा कापून घेतला, ते पण परवाच. लक्षात येऊन राहिलं का?” मुलांना सांगत तसंच, हळूहळू, प्रत्येक उदाहरणानंतर माझ्या तोंडाकडे बघून. पुण्यात पंगतीला हशा मिळवून दिलेला तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा करून बसलो. दोन शंकासुद्धा विचारल्या.

“समजलं आता?”

“समजलं.”

“मग बघा, आता काम सोपं आहे. मीटिंग घ्या, त्यांना सांगा. इंग्रजीत बरोबर समजावून सांगा. बसचा पास आहे माझा अजून. पोरं मोठी झाली असतील, पण नवी असतीलच की.”

“सांगतो,” मी म्हणालो. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बरं झालं आलात,” म्हणाले.

मी काही सांगितलं नाही. सांगायचं तर आधी माझं सांगावं लागतं. वर्षभर दर महिन्याला त्यांचा फोन यायचा, “साहेब, मीटिंग झाली का?” मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात आहे. गेल्या उन्हाळ्यापासून फोन येत नाही. का येत नाही, ते विचारायला मी फोन केलेला नाही.

मुलगी आता दहावीत आहे. परवाच, म्हणजे खरोखर परवा, जेवताना ती तिच्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, आमच्या बाबांना ना, इथली मराठी अजिबात कळत नाही, त्यांच्यामुळे एकदा काय घोटाळा झाला होता. सांगताना हसत होती, मला सांभाळून घेत होती. मी भाकरी मोडत राहिलो. तिची मराठी अशी फक्त तोंडाची. अक्षरं जुळवत दोन ओळी वाचते आणि कंटाळून सोडून देते. म्हणून तर हे सगळं मराठीत लिहिलं.